धुळे ते मुंबई विमानाने ५१ मिनिटं (विमान नाहीये, पण ५१ मिनिटं)

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, थोडे राहू दिलेत.)

आजचा भाग कानात हेडफोन घालून ट्रॅव्हल्समध्ये बसलेल्यांसाठी आहे, म्हणजे तुमच्यातल्या निम्म्यांसाठी तरी आहेच.

फोन हातात असेल तर एक गंमत करा. ‘धुळे ते मुंबई विमानाने अंतर आणि वेळ’ असं सर्च करा. कुठलीतरी साइट उघडेल. एक नकाशा, त्यावर धुळ्यापासून मुंबईपर्यंत सरळ रेघ, खाली अंतर २८० ते २९० किलोमीटरच्या मधलं काहीतरी आणि विमानाचा वेळ पाऊण-एक तास. आणि हे सगळं इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं की देवपुरातून बाहेर पडून गोंदूर रोडला लागावं, बोर्डिंग पास दाखवावा आणि खिडकीशी बसावं!

आता देवपूरच्या पोरांना माहितीये की गोंदूरला धावपट्टी आहे. लहानपणी गच्चीवरून आपण जी छोटी विमानं बघायचो, ती वैमानिक तयार करणाऱ्या क्लबची. एकच पोरगा शिकतोय, तो आपल्या डोक्यावरून गोल गोल फिरतोय. तिकीट काढून बसायचं विमान तिथून सुटत नाही. मग ही ५१ मिनिटं आली कुठून?

कोड लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं, कारण असा प्रोग्राम दहा-पंधरा ओळींचा असतो. शहराचं नाव घ्यायचं, त्याचे अक्षांश-रेखांश काढायचे, दुसऱ्या शहराचे काढायचे, दोन्हींमधलं अंतर मोजायचं. त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचे म्हणून ३० मिनिटं वर टाकायची. २८५ भागिले ८००, म्हणजे २१ मिनिटं. अधिक ३०. झाली ५१. त्या प्रोग्रामला विमानतळ आहे का, हे विचारलेलंच नसतं. तुम्ही त्याला शिरपूर ते साक्री विचारलं तरी तो उत्तर देईल.

मला आज या आकड्यांबद्दल बोलायचंय, कारण आपल्यातले बरेच जण पुण्यात, मुंबईत, हैदराबादला नोकरी करतात, आई-वडील इकडे आहेत, आणि नोकरी घेताना आपण मनात असा काहीतरी हिशोब केलेला असतो की ‘जळगावला फ्लाइट आहे ना, येऊ की तासाभरात’. तो हिशोब नीट करून बघू.

आधी अंतर. हा भाग सोपा आहे आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आवडतो.

उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, जगात कुठेही. पूर्व-पश्चिमेला मात्र एक अंश रेखांश विषुववृत्तावर १११ आणि वर सरकत जाल तसं कमी कमी. आपल्या खानदेशात तो १०४ च्या आसपास येतो. देवपूर साधारण २०.९१ अक्षांशावर, मुंबईचं विमानतळ १९.०९ वर. फरक १.८२ अंश, म्हणजे २०२ किलोमीटर दक्षिणेला. रेखांश ७४.७७ आणि ७२.८७, फरक १.९ अंश, म्हणजे २०० किलोमीटर पश्चिमेला. दोन्ही बाजू जवळपास सारख्या, म्हणजे मुंबई आपल्या बरोबर नैऋत्येला आहे. आता नववीतला पायथागोरस. २८४-२८५ किलोमीटर. संपलं.

लांबच्या शहरांना पायथागोरस चालत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. तिथे हॅव्हरसाइन नावाचं सूत्र वापरतात. समुद्रावर जहाज हाकणाऱ्यांसाठी याचे तक्ते छापले जायचे. आज तुमच्या फोनमधलं जेवण मागवायचं ॲप ‘हॉटेल अडीच किलोमीटरवर’ म्हणतं, तिथेही बऱ्याचदा हेच सूत्र किंवा त्याचं भावंड असतं. धुळे-मुंबईएवढ्या अंतराला दोन्हींच्या उत्तरात एखाद्या किलोमीटरचासुद्धा फरक पडत नाही.

आणि हो, ही साइन-बिन मंडळी काय फक्त परदेशातून आली नाहीत. चाळीसगावजवळ पाटणादेवीला सहलीला गेला असाल. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं दिलाय, आणि तो कसा काढायचा हेही सांगितलंय: एकमेकांच्या बरोबर उत्तर-दक्षिण असलेली दोन नगरं घ्या, त्यांच्या अक्षांशातला फरक मोजा, त्यांच्यातलं अंतर मोजा, आणि त्रैराशिक मांडा.

हे आपण घरी करू शकतो. जुन्या भारतीय ज्योतिषात शून्य रेखांशाची रेषा उज्जैनमधून जाते असं धरायचे. उज्जैनचा आजचा रेखांश ७५.७८ च्या आसपास. तसंच सरळ खाली या... भुसावळ! भुसावळचाही ७५.७८-७९. म्हणजे जुना ग्रिनिच भुसावळ जंक्शनवरून जातो असं म्हणायला हरकत नाही. (भुसावळकरांनो, हे तुम्ही आता सगळीकडे सांगणार, माहितीये मला.) नकाशावर भुसावळ ते उज्जैन सरळ अंतर मोजा, साधारण २३७ किलोमीटर. अक्षांशातला फरक २.१३ अंश. २३७ गुणिले ३६० भागिले २.१३. चाळीस हजारांच्या किंचित वर येतं. पृथ्वीचा परीघ. दोन शहरांमधल्या सरळ अंतरावरून अख्खी पृथ्वी मोजून झाली.

म्हणून म्हणतो, अंतर ही पक्की गोष्ट आहे. देवपूर ते मुंबई विमानतळ २८५, ते उद्याही २८५. भानगड वेळेची आहे.

वेळेचे प्रकार आहेत. पहिला, निव्वळ उडण्याचा. जळगाव विमानतळ ते मुंबई सरळ रेषेत ३५६ किलोमीटर. जळगावची धावपट्टी १७५० मीटरची, तिथे मोठी जेट विमानं येत नाहीत, एटीआर येतं, पंख्याचं विमान, ७० च्या आसपास सीटांचं. ते वर गेल्यावर ताशी ५०० च्या आसपास जातं, ८०० नाही. म्हणजे ३५६ ला ४३ मिनिटं.

दुसरा वेळ तिकिटावर छापलेला असतो. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबलं तोपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढताना-उतरताना कमी झालेला वेग आला, आणि मुंबईसारख्या ठिकाणी आकाशात घातलेल्या चकरा आल्या. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. अख्ख्या देशातून आलेली विमानं त्या एका पट्टीसाठी रांगेत. मग कंपन्या काय करतात, छापील वेळेतच थोडी ढील ठेवतात. ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलो आहोत’ अशी घोषणा ऐकून आपण खूश होतो ना, ती बऱ्याचदा ही ढील असते. माझं यावर काही म्हणणं नाही. बसवाल्याने मालेगावला जेवायला अर्धा तास धरून ठेवला आणि पंचवीस मिनिटांत गाडी काढली, तसंच हे.

जगातसुद्धा हे असंच आहे, आणि तिथली एक गोष्ट मला फार भारी वाटते. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर जवळजवळ १,४०० किलोमीटरने वाढलं, १५,३०० झालं. आणि वेळ? सुमारे दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि आता तो पाठीमागून ढकलत होता. उलटंही होतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्ली तिथेच, अमेरिका तिथेच, दोन्हींमधली सरळ रेघ तीच, पण काही विमानांना वळसा घालून, मध्येच युरोपात उतरून तेल भरून जावं लागलं. ती दहा-पंधरा ओळींची साइट मात्र त्या दिवशीही तोच आकडा दाखवत होती.

असो, परत घरी येऊ. तिसरा वेळ, दारापासून दारापर्यंतचा. हा कुठल्याच साइटवर नसतो कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो. आपण देवपूरचा काढू. जायचंय समजा ठाण्याला, मावशीकडे.

देवपुरातून निघालो. मुंबई आपल्या नैऋत्येला आहे हे आत्ताच बघितलं. आपण निघतो पूर्वेला! पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव, आणि विमानतळ त्याच्याही पलीकडे. शंभरच्या जवळपास किलोमीटर. गाडीने सव्वादोन तास धरा. विमानाच्या तासभर आधी पोहोचायचं, तो एक तास. रांगणं-चढणं-उतरणं अर्धा तास. उडणं ४३ मिनिटं. उतरून, बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून ठाणे एक तास, तेही मुंबईची कृपा असेल तर. बेरीज करा: सहा तासांना दोन मिनिटं कमी.

आणि गाडीने? देवपूर-मालेगाव-चांदवड-नाशिक-इगतपुरी-ठाणे, तीनशेच्या आसपास किलोमीटर. ५५ च्या सरासरीने साडेपाच तास. शिवाय ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाल्यापासून कसारा घाटातली अडकाअडकी टाळता येते. म्हणजे विमानाने उलटा अर्धा तास जास्त लागतो!

पुण्याचंही करून बघितलं मी. हिंजवडीतून लोहगावला सव्वा तास (हिंजवडीतले लोक आत्ता हसले असतील), एक तास आधी, अर्धा तास रांगणं वगैरे, ३२० किलोमीटर उडायला ३८ मिनिटं, बाहेर पडायला वीस, आणि जळगावहून देवपूर सव्वादोन तास. सहाला दोन मिनिटं कमी. हाही तोच आकडा. गाडीने नगर-कोपरगाव-मनमाडवरून सहा-साडेसहा तास. बरोबरी. पण गाडी दारातून निघते, दारात थांबते, आणि चार जण असले तर खर्च चौघांत वाटला जातो.

यातून एक सोपं गणित निघतं, ते लक्षात ठेवा. विमानात बसायचं म्हटलं की उडण्याआधी आणि उतरल्यावर जे तास जातात, ते अंतर कितीही असलं तरी जातातच. देवपूरच्या माणसाचे ते पाच-सव्वापाच तास आहेत. आणि विमान दर १०० किलोमीटरमागे आपल्याला वाचवतं किती? रस्त्याने १०० किलोमीटरला पावणेदोन-एक तास, विमानाने बारा मिनिटं. म्हणजे दीड तासाहून थोडं जास्त वाचतं. पाच तास भरून निघायला अंतर किती हवं? तीनशे किलोमीटरहून जास्त. मुंबई आपल्यापासून २८५, पुणे त्याहून थोडं कमी. दोन्ही त्या रेषेच्या आत येतात. आपण नेमके अशा जागी राहतो की आपल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या शहरांना विमान परवडत नाही. पैशाने नाही म्हणत मी, वेळेने.

आता जळगावात, विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटांवर राहणारा माणूस घ्या. त्याचे पाचाचे तीन-साडेतीन होतात. त्याला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरपासूनच विमान फायद्याचं, आणि मुंबई त्याच्यापासून साडेतीनशेच्या वर आहे. तेच विमान, तीच सीट, शेजारी बसलेत दोघं, जळगावकराचे अडीच-तीन तास वाचले आणि धुळेकराचे शून्य. म्हणून जळगावच्या मित्राने ‘अरे विमानानेच ये ना, वेडा आहेस का’ म्हटलं तर तो त्याच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे.

हैदराबाद आणि गोव्याचं मात्र वेगळं. जळगाव-हैदराबाद हवाई अंतर ५१० च्या आसपास, गोव्याचं मोपा विमानतळ ६१०. रस्त्याने दोन्हीकडे अख्खी रात्र जाते. इथे देवपूरचे पाच तास धरूनसुद्धा विमान जिंकतं, आणि चांगलं जिंकतं. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने जळगावहून गोवा, हैदराबाद आणि नंतर पुणे सुरू केलं, त्यात हैदराबादवाल्यांना काय वाटलं असेल ते मला चांगलं माहितीये, कारण तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिथल्या पोरांचा नुसता धिंगाणा चालला होता.

पण अजून चौथा वेळ राहिलाय. आणि माझ्या मते तोच खरा आहे.

आपल्याकडे घरी पोहोचलं की पहिला प्रश्न काय असतो? ‘कवय उना भो?’ केव्हा आलास. किती किलोमीटर आलास असं कोणी विचारत नाही. आणि फोनवरचा प्रश्न असतो, कधी येतोस?

मागच्या वर्षी पावसाळ्यात, मंगळवारी रात्री पावणेदहाला मला पुण्यात घरून फोन आला. आजी बाथरूममध्ये पडली होती, दवाखान्यात नेलं होतं. माझ्या शेजारी बसणारा नागपूरचा मित्र, त्याने लगेच लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, ‘तुमच्या जळगावला फ्लाइट आहे ना रे?’ होती. परवाची. मी साडेदहाला गाडी काढली, मनमाडला चहा घेतला, पहाटे पाचच्या आत देवपुरात होतो. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता ती काठी घेऊन फिरते आणि काठीचा उपयोग मुख्यतः आमच्या बोक्याला हाकलायला करते. पण त्या रात्री माझ्या डोक्यात जो प्रश्न बसला तो असा: फोन कधीही येऊ शकतो असं धरलं, तर विमानाची वाट सरासरी किती बघावी लागेल?

हे काढता येतं. समजा विमान आठवड्यातून तीन दिवस आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. पटकन वाटतं, सात भागिले तीन, म्हणजे सव्वादोन दिवसांनी एक विमान, त्याचं निम्मं, सव्वा दिवसाच्या आत. पण नीट बघा. सोम ते बुध दोन दिवसांची फट, बुध ते शुक्र दोन दिवसांची, शुक्र ते सोम तीन दिवसांची. फोन मोठ्या फटीत येण्याची शक्यताही मोठी, सातातली तीन. तिथे सरासरी दीड दिवस थांबायचं. लहान फटींत येण्याची शक्यता सातातली चार, तिथे एक दिवस. सगळं मिळून १.२१ दिवस. २९ तास! आणि विमान रोज एक असेल तरी सरासरी १२ तास.

रात्री पुण्याहून धुळ्याकडे दर अर्ध्या तासाने एखादी ट्रॅव्हल्स किंवा एसटी सुटत असेल, तर तिची सरासरी वाट पंधरा मिनिटं.

म्हणजे लग्नाला जायचंय, दिवाळीला जायचंय, तारीख दोन महिने आधी माहितीये, तर हा चौथा वेळ शून्य. तेव्हा विमानाचं तिकीट काढा, मजेत जा. फोन आल्यावर जायचंय तर ५१ मिनिटं, ४३ मिनिटं, सहा तास, सगळं बाजूला आणि २९ तास पुढे. यात विमान रद्द होणं धरलेलंच नाही.

आणि विमानसेवाच बंद होणंही धरलेलं नाही. जळगावचा इतिहास बघा. विमानतळाच्या नव्या रूपाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झालं, त्या जळगावच्याच. पुढे उडान योजना आली: छोट्या शहरांना जोडायचं, तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक सीटांसाठी अडीच हजारांच्या आसपास भाड्याची मर्यादा, आणि कंपनीला पडणारी तूट काही काळ, साधारण तीन वर्षं, सरकार भरून देणार. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं एकोणीस आसनी विमान मुंबईहून जळगावला आलं. काही महिन्यांत बंद. २०१९ मध्ये ट्रूजेट आलं, मग करोना, मग ती कंपनीच बसली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि त्याच वर्षी मुंबईसाठी अलायन्स एअर. दर वेळी पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे उडाले, फोटो छापून आले. आज हा भाग तुम्ही ऐकताय त्या आठवड्यात कुठलं विमान कुठल्या वारी आहे ते तुम्हीच बघून घ्या, कारण वेळापत्रक बदलत राहतं.

विमानं आली-गेली यात कोणी खलनायक आहे असं मला वाटत नाही. मुंबईला उतरायला सोयीचा स्लॉट मिळवणं अवघड. दुपारी दीडचा स्लॉट मिळाला तर सकाळचं काम असलेला व्यापारी, कोर्टाची तारीख असलेला वकील त्या विमानाने जाणारच नाही, तो रात्रीच्या रेल्वेने जाईल, झोपून जाईल. जळगावला मुख्य लाइन आहे, रात्री झोपलं की सकाळी दादर. उडण्याचा वेळ सात-आठ तासांवरून एक तासावर आला तरी झोपेतले तास कोणी मोजत नाही! हे मला त्या सगळ्या हिशोबात फार उशिरा सुचलं, पण बघा पटतं का: झोपेत गेलेल्या तासांची किंमत वेगळी असते. धुळेकराला मुंबईची गाडी आहे, चाळीसगावच्या फाट्यावरून फिरून जाणारी, पण रात्री बसून पहाटे उतरू अशी जळगावसारखी चैन नाही.

त्यामुळे दर निवडणुकीला ‘गोंदूरला विमानसेवा’ हा विषय निघतो तेव्हा मी जरा थंड असतो. गोंदूरहून मुंबईला खरंच विमान सुरू झालं तर देवपूरचे पाच तास तीनवर येतील, गणित आपल्या बाजूला झुकेल, हे मान्य. पण ते आठवड्यातून तीनदा असेल तर रात्रीच्या फोनला उपयोग नाही, आणि रोज तीन विमानं भरतील एवढी माणसं धुळ्यातून दोन हजार-अडीच हजार देऊन रोज जातील का? मला नाही वाटत. त्यापेक्षा मी मनमाड-इंदूर रेल्वेकडे डोळे लावून बसलोय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. मालेगाव, धुळे, शिरपूर करत वर जाणारी. आमच्या आजोबांच्या पिढीपासून हिच्याबद्दल ऐकतोय आपण, त्यामुळे ‘झाली की सांगा’ म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ती झाली तर धुळे फाट्यावरचं शेवटचं स्टेशन राहणार नाही, मधलं स्टेशन होईल, आणि मधल्या स्टेशनवर रात्री-अपरात्री काहीतरी थांबतं.

नोकरीच्या ऑफरबद्दल मला तीन-चार जणांनी मेसेज केले होते, पुणे घेऊ का हैदराबाद घेऊ, घरी आई एकटी आहे. पगाराचं मी काय सांगणार. पण येण्या-जाण्याचं सांगतो. पुण्याहून देवपूर, विमान असो-नसो, रात्री कधीही निघालात तर सहा-सात तास. हैदराबादहून विमानाच्या दिवशी सहा-साडेसहा तास, विमान नसेल त्या दिवशी बारा-चौदाच्या पुढे, आणि वाटेत एक गाडी बदलायची. म्हणजे पुणं नेहमी सारखंच लांब आहे, हैदराबाद वाराप्रमाणे लांब-जवळ होतं. आई एकटी असेल तर मी वाराप्रमाणे बदलणारं शहर घेतलं नसतं. घरी भाऊ-वहिनी असतील, सकाळी पोहोचलो काय आणि दुसऱ्या दिवशी पोहोचलो काय चालणार असेल, तर बिनधास्त हैदराबाद.

आता तुमचं काम. नकाशात तुमच्या घरावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतील, अक्षांश आणि रेखांश. जिथे नोकरीला आहात तिथले घ्या. पायथागोरस करा. मग तुमचे ते उडण्याआधीचे आणि उतरल्यानंतरचे तास मोजा, अगदी लिफ्टची वाट धरून, आणि मला पाठवा. नंदुरबारवाल्यांचा आकडा बघायची मला जाम उत्सुकता आहे, कारण त्यांना सुरत जवळ पडतं आणि तिथून जेट मिळतं. शहाद्याहून कोणी ऐकत असेल तर तुम्ही जळगाव धरता, सुरत धरता का इंदूर, तेही लिहा. पुरेसे आकडे आले तर मी अख्ख्या खानदेशाचा एक नकाशा करतो, विमान कुठून कुठपर्यंत परवडतं त्याचा.

चला, माझी पारोळा चौफुली आली, उतरतो. भेटू पुढच्या शुक्रवारी.